एक दिवसाची हॅशटॅग कार्यशाळा: शिकवणी मोलाची, हाती दिलेली यादी निरुपयोगी

छोट्या व्यावसायिकांना इन्स्टाग्राम रील आणि यूट्यूब शॉर्ट्स या छोट्या व्हिडिओंसाठी हॅशटॅग (# चिन्ह लावलेले शोधशब्द) कसे वापरावेत हे शिकवणारी एक दिवसाची सशुल्क कार्यशाळा कर्वे रस्त्यालगतच्या एका सभागृहात दर महिन्याला भरते. कसबा पेठेत तांबट आळीजवळ आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे आणि दुकानाच्या इन्स्टाग्राम व यूट्यूब खात्यांचे काम माझा भाचा पाहतो. आम्ही दोघांनीही नाव नोंदवले, कारण व्हिडिओ तो करतो आणि त्याखाली काय लिहायचे ते मी ठरवते. शुल्क माणशी दीड हजार रुपये असून त्यात चहा, नाश्ता आणि छापील टिपणे येतात. कार्यशाळेचे पैसे वसूल होतात, असे माझे मत आहे. मात्र ते ज्या भागामुळे वसूल होतात त्याचा जाहिरातीत उल्लेखही नाही आणि जाहिरातीत ठळकपणे मिरवलेली ‘पाचशे हमखास हॅशटॅगची यादी’ रद्दीत टाकण्याच्या योग्यतेची आहे.

व्यवस्थेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सभागृह वातानुकूलित आहे, पडद्यावरील अक्षरे मागच्या रांगेतूनही वाचता येतात, चहा दोनदा मिळतो आणि पोहे बरे असतात. मोबाइल चार्ज करण्यासाठी खुर्च्यांजवळ पुरेशा जोडण्या नाहीत आणि सबंध दिवस मोबाइलवरच काम करायचे असलेल्या कार्यशाळेत ही उणीव चांगलीच जाणवते.

शिकवणाऱ्या बाई स्पष्ट मराठीत बोलतात, इंग्रजी संज्ञा आवश्यक तेथेच वापरतात आणि कोणी मध्येच प्रश्न विचारला तर तो ‘शेवटी घेऊ’ म्हणून टोलवत नाहीत. सुरुवात त्यांनी थोड्या इतिहासाने केली. ख्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर हॅशटॅगची कल्पना मांडली ती एका विषयावर बोलणाऱ्या लोकांचे लेखन एकत्र सापडावे म्हणून. पुढे २०११ मध्ये इन्स्टाग्रामने ती स्वीकारली आणि एका पोस्टला ३० हॅशटॅगची मर्यादा घातली (डिसेंबर २०२५ मध्ये ती पाचवर आणली गेली). मर्यादा म्हटली की ती पुरेपूर वापरायची, हा आपला स्वभाव असल्यामुळे पुढची अनेक वर्षे प्रत्येकाने तिसाच्या तीस जागा भरल्या आणि ‘जितके जास्त तितकी रीच मोठी’, म्हणजे पोस्ट तितक्या अधिक लोकांपर्यंत पोहोचते, हा समज रुजला. तो आजही किती घट्ट आहे, हे सभागृहातील उपस्थितांनी आपापली खाती उघडून दाखवली तेव्हा दिसलेच.

यानंतर बाईंनी जे सांगितले ते ऐकण्यासाठी पुष्कळ जण आले नव्हते. व्हिडिओ व पोस्ट करणाऱ्यांसाठी असलेल्या इन्स्टाग्रामच्या अधिकृत खात्यावरूनच २०२१ मध्ये तीन ते पाच हॅशटॅग पुरेसे असल्याचा सल्ला देण्यात आला होता. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी हॅशटॅगमुळे रीच फारशी वाढत नाही हे एकाहून अधिक वेळा सांगितले आहे. आणि एखादा हॅशटॅग फॉलो करून त्याखालील पोस्ट आपल्या फीडमध्ये, म्हणजे ॲप उघडताच दिसणाऱ्या पोस्टच्या रांगेत, आणण्याची जी सोय होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद करण्यात आली. रील पुढे जाते ते लोक ती किती वेळ पाहतात, किती जण लाइक करतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात यावर. हे तीन निकष मोसेरी यांनीच जानेवारी २०२५ मध्ये सांगितले असून आपल्याला न ओळखणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यात त्यांतील तिसऱ्याचे वजन अधिक असते. हे ऐकल्यावर पुढच्या रांगेत बसलेल्या, कोथरूडमध्ये ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंनी सरळ विचारले, “मग मॅडम, हॅशटॅगच्या कार्यशाळेला आम्ही कशाला आलो?” सभागृहात हशा पिकला. बाईंनी उत्तर दिले, “जो तुम्हाला शोधतोय, त्याला सापडण्यासाठी. जो शोधतच नाही, त्याला हॅशटॅग आणून देत नाही.”

पुढचा सगळा दिवस या एका भेदावर उभा आहे आणि तो त्यांनी इतक्या ठामपणे मांडल्याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देते. फीडमध्ये आपोआप समोर येणारा व्हिडिओ आणि कोणी शब्द टाइप करून शोधून काढलेला व्हिडिओ यांचे मार्ग वेगळे असतात. पहिल्या मार्गावर हॅशटॅगचा उपयोग फार तर व्हिडिओचा विषय ॲपच्या निवड करणाऱ्या यंत्राला कळवण्यापुरता आहे. दुसऱ्या मार्गावर मात्र हॅशटॅग आणि त्याहूनही अधिक कॅप्शनमधील, म्हणजे व्हिडिओखालच्या मजकुरातील, साधे शब्द काम करतात. आमच्यासारख्या, गिऱ्हाईक प्रत्यक्ष दुकानात यावे लागते अशा व्यवसायांना हा दुसरा मार्गच उपयोगाचा आहे. आसाममधील लाखभर लोकांनी आमचे पातेले पाहिले तर आनंदच आहे, पण कल्हईसाठी (भांड्याला कथलाचा थर देऊन घेण्यासाठी) त्यांच्यापैकी कोणी कसबा पेठेत येणार नाही.

यादीचा विषय इथेच संपवते. सोळा पानी पुस्तिकेत खाद्यपदार्थ, फॅशन, प्रवास, फिटनेस अशा विभागांत मिळून पाचशे हॅशटॅग छापले आहेत आणि त्यांतील बहुतेक ‘लव्ह’, ‘इन्स्टागुड’, ‘फॉलोफॉरफॉलो’, ‘व्हायरल’ या जातीचे आहेत. एका पानावर तर ‘टिकटॉकइंडिया’ आहे, आणि टिकटॉकवर भारतात २९ जून २०२० रोजीच बंदी आली. जी व्यक्ती सकाळी तीन-चार नेमके हॅशटॅग पुरे असे पटवून देते, तिच्याच कार्यशाळेत दुपारी अशी पुस्तिका वाटली जावी, हे मला अनाकलनीय वाटले. भाच्याचा तर्क असा की पुस्तिका आयोजकांनी जुनीच छापून ठेवली असावी आणि बाईंचा तिच्याशी संबंध नसावा. तसे असेल तर आयोजकांनी तो गठ्ठा आता संपला असे समजावे.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने आपला एक व्हिडिओ पडद्यावर दाखवायचा आणि त्याचे कॅप्शन व हॅशटॅग सर्वांसमोर दुरुस्त करून घ्यायचे, अशी पद्धत आहे. कार्यशाळेचा खरा कस इथे लागतो. आमचा व्हिडिओ कल्हईचा होता. भट्टीवर तापवलेल्या तांब्याच्या पातेल्यात कारागीर नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी तापलेल्या तळाला टेकते आणि कापसाचा बोळा फिरताच तांबूस धातूवर चंदेरी थर पसरत जातो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे हा सारा खेळ काही सेकंदांत आटोपतो. आमच्या व्हिडिओत हा क्षण शेवटी येत होता आणि त्याआधी दुकानाची पाटी, गल्ली व भट्टी पेटवणे असा बराच भाग होता. बाईंनी सर्वांत आधी हॅशटॅगला हात न लावता तो क्षण सुरुवातीला आणायला सांगितला. पहिल्या दोन-तीन सेकंदांत बोट वर सरकले तर खाली काय लिहिले आहे ते वाचायला कोणी उरतच नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो बिनतोड आहे.

मग बाई व्हिडिओखालच्या मजकुराकडे वळल्या. आमच्या व्हिडिओखाली ‘जुनं ते सोनं’ एवढे एक वाक्य आणि त्यानंतर हॅशटॅगची रांग होती: #पुणे, #पुणेकर, #महाराष्ट्र, #मराठी, #ट्रेंडिंग, #कसबागणपती, #परंपरा आणि असेच आणखी. बाईंनी सभागृहाला विचारले की ज्यांच्या घरी कल्हई उडालेले पातेले आहे, ते मोबाइलवर काय टाइप करतील. उत्तरे भराभर आली: ‘पुण्यात कल्हई कुठे करतात’, ‘कल्हईवाला’, ‘तांब्याच्या भांड्याला कल्हई’, ‘पितळी पातेले कल्हई’. एकानेही ‘जुनं ते सोनं’ म्हटले नाही. नवे कॅप्शन त्यांनी तिथेच लिहून घेतले: ‘पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीजवळ तांब्याच्या पातेल्याला कल्हई करताना. घरची जुनी पितळी व तांब्याची भांडी कल्हईसाठी आणून देता येतात.’ त्याखाली चारच हॅशटॅग ठेवले: #कल्हई, #तांब्याचीभांडी, #तांबटआळी आणि #पुणे.

#पुणे राहू द्यावा की काढावा, यावर थोडी चर्चा झाली. त्या हॅशटॅगखाली पावसापासून वाहतूक कोंडीपर्यंत सगळेच येऊन पडत असल्यामुळे त्यात आमचा व्हिडिओ कोणाला दिसण्याची शक्यता नगण्य आहे. तरीही तो शहराची खूण म्हणून एक असू द्यावा, असे बाईंचे म्हणणे होते. मला ते फारसे पटले नाही, कारण कॅप्शनमध्ये ‘पुण्यात’ हा शब्द आलेलाच आहे. #कसबागणपती काढायला सांगताना त्यांनी दिलेले कारण मात्र लक्षात ठेवण्यासारखे होते. दुकान कसबा पेठेत असले, तरी मानाच्या पहिल्या गणपतीचे दर्शन किंवा मिरवणूक पाहायला आलेल्या माणसासमोर पातेले आले तर तो क्षणात पुढे जातो, आणि असे पुढे जाणारे वाढले की व्हिडिओ लोकांना नको आहे असाच अर्थ यंत्र काढते. गणेशोत्सवाच्या आधी ताम्हन, कलश किंवा समई घासून लख्ख करण्याचा व्हिडिओ केला तर #गणेशोत्सव खुशाल लावावा, एवढी मोकळीक त्यांनी दिली. तिसाच्या तीस हॅशटॅग लावण्याचा जुना प्रकार म्हणजे एकाच पाकिटावर कसबा, नारायण, सदाशिव अशा सगळ्या पेठांचे पत्ते लिहून ते पोस्टात टाकण्यासारखे होते, हे माझे मत या सत्रानंतर पक्के झाले.

मराठी हॅशटॅगच्या लेखनावर बाईंनी दिलेला अर्धा तास मला इतरत्र कुठे ऐकायला मिळाला नव्हता आणि निव्वळ त्यासाठीही मी ही कार्यशाळा सुचवीन. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, जोडरेघ आली की तो तिथेच तुटतो आणि अधोरेषा मात्र चालते, हे प्राथमिक नियम झाले. पुढची अडचण अधिक नाजूक आहे. ट्रेकिंगचा गट चालवणाऱ्या एका तरुणाने राजगडाच्या व्हिडिओला #दऱ्याखोऱ्या असा हॅशटॅग लावला होता आणि त्याच्याच गटातील दुसऱ्या मुलाने लावलेला तसाच हॅशटॅग त्याला सापडत नव्हता. दोन्ही मोबाइल शेजारी ठेवल्यावर अक्षरे तंतोतंत सारखी दिसत होती. कारण असे की हा अर्धा र काही कीबोर्ड एका स्वतंत्र अक्षराने लिहितात, तर काही कीबोर्ड साध्या र ला न दिसणारे जोडचिन्ह लावून तो घडवतात. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द ठरतो. उपाय साधा आहे: गटातील सर्वांनी आपला हॅशटॅग एकाच ठिकाणाहून कॉपी करावा किंवा असा र नसलेला शब्द निवडावा. त्या तरुणाने जागच्या जागी #राजगड_ट्रेक केला.

लिपीचा प्रश्न याच ओघात निघाला. आमच्या कल्हईला रोमन अक्षरांत लिहिताना लोक ‘ह’ गाळून टाकतात आणि मग त्या स्पेलिंगखाली कलेवरचे तमिळ व्हिडिओ आणि त्या नावाच्या माणसांची खाती निघतात, कारण तमिळमध्ये कलेला जवळजवळ तोच शब्द आहे. देवनागरीत लिहिलेला #कल्हई या गोंधळातून सुटतो, परंतु देवनागरीत टाइप करण्याचा कंटाळा करणारे गिऱ्हाईक त्याला मुकते. बाईंचा तोडगा असा की हॅशटॅग देवनागरीत ठेवावा आणि रोमन लिपीतील रूप, ‘ह’सकट, कॅप्शनच्या वाक्यात एकदा येऊ द्यावे. रोमनमध्ये अनेक शब्दांचा हॅशटॅग करायचा असल्यास प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहावे, म्हणजे दृष्टिहीन व्यक्तींच्या मोबाइलमधील वाचक यंत्राला शब्द सुटे करता येतात, ही सूचनाही उपयुक्त होती. देवनागरीत मोठे अक्षर नसल्याने तिथे अधोरेषा वापरलेली बरी. #तांब्याचीभांडी हा हॅशटॅग आम्ही त्यानंतर #तांब्याची_भांडी असा करून पाहिला, पण लोक जोडूनच लिहितात असे आढळल्यामुळे पुन्हा पहिल्यावर आलो.

यूट्यूबचा भाग घाईत उरकला गेला, तरी त्यात माहिती पुष्कळ होती. एका व्हिडिओला साठाहून अधिक हॅशटॅग दिले तर यूट्यूब त्यावरचे सगळेच हॅशटॅग विचारात घेत नाही, आणि व्हिडिओशी संबंध नसलेले दिशाभूल करणारे हॅशटॅग लावणे नियमांविरुद्ध आहे. #शॉर्ट्स लावलाच पाहिजे, हा समज निराधार आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून उभा किंवा चौकोनी आणि तीन मिनिटांपर्यंतचा नवा व्हिडिओ आपोआप शॉर्ट्समध्ये गणला जातो. यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे खातेदाराला आपल्या व्हिडिओंची आकडेवारी दिसते त्या जागी, प्रेक्षक कोणत्या वाटेने आले याचा तक्ता असतो, त्यात शॉर्ट्स फीड, यूट्यूबचा शोध आणि हॅशटॅगची पाने असे स्वतंत्र रकाने दिसतात. बाईंनी उपस्थितांपैकी चार-पाच जणांचे तक्ते उघडायला लावले आणि प्रत्येकाच्या बाबतीत हॅशटॅगच्या पानांवरून आलेला वाटा शोधातून आलेल्या वाट्यापुढे किरकोळ निघाला. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच तो एक व्ह्यू म्हणून मोजला जातो, म्हणून मोठ्या आकड्याने हुरळून न जाता ‘एंगेज्ड व्ह्यूज’चा, म्हणजे सुरू झाल्यावर पुढेही पाहत राहिलेल्यांचा, वेगळा आकडा पाहावा, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. मोज आणि जोश या छोट्या व्हिडिओंच्या भारतीय ॲपचा उल्लेख फक्त एका ओळीत आला. ग्रामीण भागातील ग्राहकांवर ज्यांचा व्यवसाय अवलंबून आहे, त्यांची इथे निराशा होईल.

कार्यशाळेतील सर्वांत गंभीर उणीव वेगळीच आहे. एक असा हॅशटॅग आहे की जो रीचसाठी लावायचा नसतो, पण न लावणे चुकीचे ठरते, आणि त्याविषयी दिवसभरात अवाक्षरही निघाले नाही. पैसे, वस्तू किंवा अन्य मोबदला घेऊन एखाद्या उत्पादनाची भलामण केली असेल, तर ती जाहिरात आहे हे स्पष्टपणे सांगावे लागते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने त्यासाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःची मार्गदर्शिका काढली. ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’ किंवा ‘सहयोग’ अशा अर्थाची ही खूण हॅशटॅगच्या गर्दीत पुरून ठेवलेली चालत नाही. ती सहज नजरेस पडली पाहिजे. उपस्थितांमध्ये खाद्यपदार्थांचे व्हिडिओ करणाऱ्या दोन मुली होत्या आणि चहाच्या वेळी त्या उपाहारगृहांकडून मिळणाऱ्या फुकट जेवणाबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या. त्यांना ही माहिती चार पदार्थांच्या हॅशटॅगपेक्षा अधिक गरजेची होती. मी प्रश्नोत्तरांत विषय काढला तेव्हा “हो, तेही आहेच” एवढ्यावर तो थांबला.

कार्यशाळेनंतर सहभागींसाठी एक व्हॉट्सॲप गट उघडला जातो. पहिल्या आठवड्यात त्यावर काही चांगले प्रश्न आले आणि बाईंनी उत्तरेही दिली. त्यानंतर तो गट ‘माझी रील लाइक करा, मी तुमची करते’ या देवाणघेवाणीसाठीच उरला. ही पद्धत निरुपयोगी असल्याचे बाईंनी सकाळीच सांगितले होते, त्यामुळे त्यांनी तिथेही ते एकदा ठणकावून सांगायला हवे होते.

आमच्या खात्यावर झालेला परिणाम शक्य तितका काटेकोरपणे सांगते. एकूण व्ह्यूज वाढले नाहीत. हॅशटॅग कमी केल्याने घटलेही नाहीत. यूट्यूबच्या तक्त्यात शोधाचा वाटा मात्र स्पष्टपणे वाढला आणि दुकानात फोन करून ‘तुम्ही कल्हई करून देता का’ असे विचारणारे लोक वाकड, हडपसर, धायरी अशा भागांतून बोलू लागले. पूर्वी हे फोन मुख्यतः पेठांमधूनच येत. यातील काही श्रेय जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांवरील सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधात येऊ लागल्या, त्या बदलाला द्यावे लागेल, आणि तो बदल उपयोगी पडला तो कॅप्शनमध्ये शोधता येतील असे शब्द होते म्हणूनच. भाच्याला आता प्रत्येक व्हिडिओपूर्वी गिऱ्हाइकाच्या तोंडचे वाक्य वहीत लिहून काढण्याची सवय लागली आहे. ‘भांडं आतून हिरवं पडलंय, काय करू’ हे त्या वहीतले वाक्य त्याने अलीकडेच जसेच्या तसे कॅप्शनमध्ये घेतले.

ज्यांचा व्यवसाय शहरापुरता आहे, ज्यांच्याकडे दाखवण्यासारखे काम आहे आणि लिहिण्याची ज्यांना थोडी तरी सवय आहे, त्यांनी ही कार्यशाळा जरूर करावी. ज्यांना नृत्य, विनोद किंवा गाणी यांच्या रील करून देशभर प्रेक्षक मिळवायचे आहेत, त्यांना इथे सकाळच्या सत्रापलीकडे फारसे काही मिळणार नाही. ज्यांनी यूट्यूब स्टुडिओ स्वतः वाचायला शिकले आहे, त्यांनी दीड हजार रुपये वाचवावेत. आयोजकांनी पुस्तिका बंद करून त्याऐवजी दुपारचे सत्र तासभर वाढवले, तर मी शुल्कात आणखी दोनशे रुपयांची वाढही रास्त मानीन.

जायचे ठरवल्यास आपला एक प्रकाशित न केलेला व्हिडिओ, चार्जर आणि शक्य असल्यास पॉवर बँक बरोबर न्यावी. पडद्यावर दाखवण्यासाठी व्हिडिओ निवडताना नाव पुकारण्याचा क्रम नोंदणीप्रमाणे असतो आणि शेवटच्या पाच-सहा जणांच्या वाट्याला जेमतेम दोन-दोन मिनिटे येतात, म्हणून नोंदणी लवकर केलेली चांगली. सभागृहाच्या तळघरात दुचाकी लावता येते. चारचाकीला जागा नाही.